डाव्या हाताचं सारवण

झरीच्या पुढं दोन कोसांवर ती वाडी. वाडीत शाळा म्हणजे एकच खोली, आणि शाळेचे मास्तर म्हणजे एकटे बन्सीधर गुरुजी. चार इयत्ता, तेवीस पोरं, एक फळा आणि एक खुर्ची. खुर्चीचा एक पाय आखूड होता म्हणून त्याखाली शहाबादी फरशीचा तुकडा सरकवलेला. शाळेत फरशी म्हणाल तर तेवढीच. बाकी सगळी भुई मातीची, आणि ती दर शनिवारी पोरांनीच सारवायची असा रिवाज.

ह्या रिवाजाचा गुरुजींना भारी अभिमान होता. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मुलगे पाटीभर शेण आणि घागरभर पाणी आणून ठेवत. मुली परकर खोचून बसत. गुरुजी दोरी धरून कोळशाच्या रेघा मारत आणि वाटे पाडून देत. ज्या मुलीची बसायची जागा जी, तोच तिचा सारवायचा वाटा. दुसरीच्या वाट्यात बोट घालायचं नाही आणि आपल्या वाट्यातलं बोटभर सोडायचं नाही. त्यात जातपात नाही, लहानमोठं नाही. पाण्याच्या पाळीचंही तसंच. रोज दोन मुली मधल्या सुट्टीत शाळेसमोरच्या विहिरीवरून रांजणात पाणी आणत, आणि कुणाची पाळी ते गुरुजी सकाळीच फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवत. काही घरची पोरं पाण्याचा तांब्या घरूनच घेऊन येत. कशासाठी ते सगळ्यांना ठाऊक होतं. गुरुजी त्यांच्याकडे काणाडोळा करत, पण पाळी काही बदलत नसत.

सारवण वाळलं की त्यावर हाताचे फराटे उमटतात. बघणाऱ्याला ते सगळे सारखेच दिसतात. पण आठ वर्षं तीच भुई बघून गुरुजींना पोरींचे हात पाठ झाले होते. हा सरजाचा हात, घाईघाईचा, मध्ये कोरडं सोडणारा. हा कस्तुराचा, जड, बोटं रुतवणारा. अक्षर ओळखताना एक वेळ गुरुजींची चूक झाली असती, फराटा ओळखताना होत नसे.

म्हणून त्या सोमवारी सकाळी दार उघडल्यावर त्यांचा पाय उंबऱ्यातच अडकला.

खिडकीखालचा वाटा कुणीतरी सारवला होता. तो वाटा कुणाचाच नव्हता. गेली दोन वर्षं शनिवारी मुली तेवढा चौकोन सोडून सारवत. तसं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि गुरुजींनीही कधी विचारलं नव्हतं. तिथली माती उखणली होती, पोपडे सुटले होते. आज तिथं ओलसर, गुळगुळीत सारवण होतं आणि त्यावरचे फराटे उलटे होते. उजव्या हाताचं सारवण डावीकडून उजवीकडे उलगडत जातं. हे उजवीकडून डावीकडे गेलं होतं.

ह्या शाळेत डाव्या हातानं सारवणारी एकच मुलगी होऊन गेली. कासा. धोंडीबा मेंढक्याची कासा, तिसरीतली, हजेरीपटावर अकरावी. दोन वर्षांपूर्वी, त्र्याहत्तरच्या माघात, ती शाळेसमोरच्या विहिरीत बुडून मेली.

गुरुजींनी मुलं येण्याआधी त्या चौकोनावर सतरंजी टाकली. पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. तिसऱ्या सोमवारीही तेच. शाळेचं कुलूप नावालाच होतं. मागच्या खिडकीला गज नव्हते, नुसती एक फळी लावलेली, ती कुणीही सरकवून आत यावं. एवढा साधा विचार गुरुजींच्या डोक्यात यायला हरकत नव्हती. पण तो आला नाही. मनात चोर असला की माणसाला साधं सुचत नाही, आणि गुरुजींच्या मनातला चोर दोन वर्षं तिथंच मुक्कामाला होता.

त्यातच पाढे सुरू झाले. म्हणजे पाढे रोजचेच. शाळा सुटण्याआधी अर्धा तास सगळी शाळा एका सुरात पाढे म्हणायची. तेराचा पाढा आला, पोरं तालात चालली, तेरा सक अठ्ठ्याहत्तर, तेरा साते एक्क्याण्णव, तेरा अठ्ठे चारोदरसे. आणि सगळा वर्ग चारोदरसेवरून पुढे गेल्यावर एक बारीक आवाज मागे राहिला. तो ‘तेरा अठ्ठे’पाशीच अडखळला होता. गुरुजींनी हात वर केला. वर्ग गप्प झाला.

“कोण चुकलं?”

पोरं एकमेकांकडे बघू लागली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच झालं, तिथंच, चारोदरसेला. गुरुजींनी छडी टेबलावर ठेवली. कासाही तिथंच अडखळायची. शंभराच्या पलीकडे गेलं की त्या पोरीची जीभ टाळूला चिकटायची आणि ती दोन्ही हात मागे लपवायची.

आता त्या दिवशी काय झालं ते सांगायला हवं.

बहात्तरचा दुष्काळ चालू होता. वाडीतली माणसं खडी फोडायला नाहीतर विहीर खोदायला जात होती. शाळेसमोरची विहीर सरकारी कामावरचीच. नव्यानं पाणी लागलेलं, कठडा अजून बांधायचा होता. सरकारी म्हणून ती सगळ्यांना मोकळी होती, आणि ज्यांच्या डोळ्यांत ते सलत होतं त्यांना तोंड उघडायला अजून कारण सापडलं नव्हतं. शाळा तपासायला साहेब येणार असा निरोप आदल्या दिवशी आला. दुष्काळात निम्मी पोरं यायची नाहीत. पट भरलेला दिसावा म्हणून गुरुजींनी सकाळी उजाडताच, एकही मूल यायच्या आधी, हजेरीपटावर तेवीसच्या तेवीस नावांपुढे ‘ह’ लिहून टाकला. लिहायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. फळ्याच्या कोपऱ्यात पाण्याची पाळी लिहिली, कडू आणि कासा.

साहेब आले. त्यांनी कविता म्हणवून घेतली, नखं तपासली, डोकी मात्र मोजली नाहीत. मधल्या सुट्टीत लिंबाजीची कडू एकटीच घागर घेऊन विहिरीवर गेली, दोन खेपा केल्या आणि रांजण भरला. साहेबांनी त्यातलं पेलाभर पाणी पिऊन ‘गोड आहे’ म्हणून आणखी एक मागितला. दुपारी दोनच्या सुमाराला कासाची आई, केवळाबाई, दारात आली. खडीच्या कामावरून तशीच आली होती, हातात फडक्यात बांधलेली भाकरी होती.

“गुरुजी, कासा भाकर इसरली घरी. हाय न्हवं शाळंत?”

समोर साहेब बसलेले. त्यांच्या मांडीवर उघडा हजेरीपट. गुरुजींनी वर्गाकडे बघितलंच नाही, पटाकडे बघितलं.

“हजर आहे,” ते म्हणाले. “पाण्याला गेली असेल. भाकरी ठेवा तिथं.”

तिनं भाकरी खिडकीत ठेवली आणि कामावर परत गेली. दिवेलागणीला पोरगी घरी आली नाही तेव्हा शोध सुरू झाला, आणि गळ टाकल्यावर विहिरीत ती सापडली.

पंचनाम्याला पोलीस पाटलानं विचारलं, पोरगी शाळेत होती का? पटावर ‘ह’ होता. पाण्याची पाळी कुणाची? फळ्यावर दोन नावं होती. मग दोघी मिळून पाण्याला गेल्या, एक परत आली आणि एक आली नाही, हे कुणी वेगळं सांगायला नको होतं. दहा वर्षांची कडू रडत रडत ओरडून सांगत होती, “कासा आज आलीच न्हवती! म्या एकटीच गेलते!” सगळ्यांनी गुरुजींकडे बघितलं. गुरुजींनी खाली बघितलं. साहेबांपुढे खोटा पट ठेवला हे कबूल केलं तर नोकरी जाणार होती, आणि गंगाखेडला म्हातारी आई, बायको आणि दोन लेकरं त्यांच्याच पगारावर जगत होती. हे सगळं खरं होतं. तरी त्यांचं ते खाली बघणं माफ करावं असं मला वाटत नाही.

बाकीच्या पोरांनाही विचारलं. पहिल्या दिवशी ती गोंधळली. दुसऱ्या दिवशी चौथीतला मुंजाजी म्हणाला, होती बहुतेक. तिसऱ्या दिवसापर्यंत सगळ्या शाळेला कासा दिसायला लागली होती. कुणाला तिचा हिरवा परकर आठवला, कुणाला तिनं साहेबांपुढे धरलेली नखं. लिहिलेलं ते खरं असं गुरुजींनीच त्यांना शिकवलं होतं. आणि केवळाबाई जेव्हा डोकं आपटून आपटून विचारू लागली, “माझं लेकरू त्या दिशी काय करत व्हतं ओ गुरुजी, काय बोललं?” तेव्हा गुरुजींच्या तोंडून निघून गेलं, “तेराचा पाढा म्हटला तिनं. बिनचूक.” ती बाई तेवढ्यानं शांत झाली. गुरुजींना वाटलं, आपण पुण्य केलं.

कडूला लिंबाजीनं शाळेतून काढली. काढली म्हणण्यापेक्षा वाडीनं काढायला लावली. बौद्धवाड्यातली पोरगी, तिच्या हाती पाण्याची घागर कशाला दिली, असं आता उघड बोलता येत होतं. पाळी सगळ्यांना, हा गुरुजींचाच नियम. त्या नियमाच्या बाजूनं उभं राहायची वेळ आली तेव्हा गुरुजींची वाचा बसली. त्या दिवसापासून त्यांनी शाळेच्या रांजणातलं पाणी कधी प्यायलं नाही. कारण त्यांना एकट्यालाच ठाऊक होतं, घरून निघून शाळेत न पोचलेली कासा सकाळीच विहिरीत गेली होती, आणि साहेबांनी, पोरांनी, स्वतः त्यांनी दुपारभर तेच पाणी प्यायलं होतं.

चौथ्या शनिवारी, पोरी सारवून गेल्यावर, लिंबाजी दारात येऊन उभा राहिला. मागे कडू. बारा वर्षांची झाली होती, शेरडं राखून रापली होती. तिनं उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही.

“पोरीचा दाखला पायजे, गुरुजी,” लिंबाजी म्हणाला. “परभणीला माझा भाऊ पंडित हाय, हापिसात कारकून. त्यो म्हणला, पोरगी हुशार हाय, शेरडामागं कामून वाया घालायलास, धाड हिकडं. तितल्या शाळंत घालतो.”

“देतो की. चांगलं झालं.”

“चांगलं झालं, पर एक इचारायचं हाय.” लिंबाजीनं टोपी काढून हातात घेतली. “दाखल्याव वर्तणुकीचा रकाना असतोय म्हणत्यात. तितं काय लिवनार तेवडं आदी सांगा. हितं जे बोलत्यात तेच लिवनार असताल तर दाखला नगं. ते बालंट कागदाव घिऊन पोरीनं परभणीला जाऊ नाई.”

गुरुजी काही बोलणार तेवढ्यात कडू म्हणाली, “म्या एक इचारू गुरुजी?”

तिचा आवाज दोन वर्षांत त्यांनी ऐकला नव्हता.

“त्या दिशी कासा आलती का?”

गुरुजी टेबलावरचे कागद चाळू लागले.

“म्या तवा न्हाई म्हणलं व्हतं. पर सगळे म्हणत्यात आलती. आता मलाबी ती दिसायलीय, गुरुजी. पाण्याला निगालं की मागून येती. तिच्या घागरीतलं पाणी हिंदकळल्यालं ऐकू येतंय. वळून बगितलं की न्हाई. मंग म्या खोटी बोलले का? म्याच ढकललं का तिला, अन् मलाच याद ऱ्हायलं न्हाई?”

लिंबाजीनं तोंड फिरवलं. दोन वर्षं ही पोरगी खरं धरून बसली होती, आणि आता ते तिच्या हातून सुटायला लागलं होतं. त्याच वेळी, त्याच जागी, गुरुजींनी बोलायला हवं होतं. ते म्हणाले, “सोमवारी या. सोमवारी दाखला देतो.”

रविवारी गुरुजी नेहमी गंगाखेडला घरी जात. ह्या रविवारी गेले नाहीत. दुपारी उन्हं डोक्यावर आली तसे ते शाळेत शिरले, आतून कडी घातली आणि फळ्याच्या आड उकिडवे बसले. तिशी उलटलेला, बायकोलेकरांचा माणूस, फळ्याआड लपून एका मेलेल्या पोरीची वाट बघत होता. खोलीत शेणाचा ओला वास होता. बाहेर गायरानात मेंढरं ओरडत होती. गुरुजींना भीती वाटत होती आणि त्याहून जास्त भीती वाटत होती ती कुणीच न येण्याची, कारण मग सगळं आपल्याच डोक्यात आहे हे मानावं लागलं असतं.

खिडकीची फळी हलली. बाजूला सरकली. आधी शेणाची पाटी आत आली, पाटी धरणारा हात डावा होता. मग लुगड्याचा काठ, आणि मग सबंध बाई आत उतरली. केवळाबाई. तिनं तांब्यातलं पाणी शेणात ओतलं, खिडकीखाली मांडी मोडून बसली आणि डाव्या हातानं सारवू लागली. सारवता सारवता ओठांतल्या ओठांत म्हणत होती, तेरा एके तेरा, तेरा दुणे सव्वीस. अठ्ठेपाशी अडली. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

गुरुजींच्या पायाला मुंग्या आल्या होत्या. ते उठले तसा फळा खडखडला.

“कोन हाय?”

“मी आहे, केवळाबाई. मास्तर.”

तिनं पदर ओढून घेतला. “चुकलं असंल तर बोला गुरुजी. दोन वर्सं मेंढरं घिऊन लांब व्हतो, ह्या गावात जीव थांबत न्हवता. औंदा माघारी आलो. पाटीमागं मेंढरं चारतेय, रोज पाढं ऐकतेय, म्हणतेबी तुमच्या पोरायसंगं. खिडकीतून बगितलं तर समद्यांच्या जागा सारवल्याल्या, अन् माझ्या लेकीचीच तेवडी उखणल्याली. बगवलं न्हाई.”

“डाव्या हातानं...”

“माझा हात डावाच हाय. तिनं माझाच उचलला. तुमी छडी मारून उजव्यानं लिवायला लावलं, ते बरं केलं. पर सारवायला डावा चालू दिला. तेवडीच माझी ऱ्हायली तिच्यात.” ती हसल्यासारखं करून म्हणाली, “गुरुजी, एकडाव पुना सांगा. त्या दिशी पाढा कसा म्हणली ती?”

गुरुजी भिंतीला टेकले.

“त्या सकाळी लय रडली,” केवळाबाई सांगू लागली. “तेराचा पाढा येत न्हाई, गुरुजी मारत्याल, म्या जात न्हाई म्हणली. म्या दोन रट्टे घातले अन् घालवली. ती रडत गेली. मंग ते तसं झालं. तुमी सांगितलं बिनचूक म्हणली, तवा माझा जीव ठिकाणाव आला. मार खाऊन गेली, पर पाढा म्हणली. साहेबापुडं म्हणली. न्हाईतर म्या त्याच हिरीत गेले असते.”

दोन वर्षं गुरुजी समजत होते की आपल्या खोट्यानं एका पोरीचं वाटोळं केलं. त्याच खोट्यावर दुसरी एक बाई जगत होती हे त्यांना आज कळलं. तोंड उघडलं तर हिचा आधार जाणार, नाही उघडलं तर उद्या कडू ती घागर मागे घेऊनच परभणीला जाणार. दोघींपैकी कुणीतरी हे ओझं वाहायचं होतं, आणि ज्याचं होतं तो मात्र भिंतीला टेकून उभा होता. गुरुजी तिच्यासमोर त्या ओल्या भुईवरच बसले. धोतराला शेण लागलं.

“केवळाबाई, कासा त्या दिवशी शाळेत आली नव्हती.”

तिचा हात चालत राहिला.

“साहेब येणार म्हणून मी सकाळीच सगळ्यांची हजेरी लावली होती. तुम्ही भाकरी घेऊन आलात तेव्हा मी पोरांकडे बघितलं नाही. कडू खरं बोलत होती. मी भ्यालो. गप्प बसलो.”

हात थांबला.

“मंग पाढा?”

“नाही म्हटला. मी मनानं सांगितलं.”

ती त्या चौकोनाकडे बघत राहिली. बाहेर एक कोकरू आईला चुकून ओरडत होतं, त्याच्याकडेही तिचं लक्ष गेलं नाही.

“म्हंजी ती माज्या मारानं गेली अन् तुमच्या मारानं आत आली न्हाई,” ती हळू म्हणाली. “हिरीच्या काठाला बसून पाढा घोकत असंल. दोन्हीकडून मार, तर ते लेकरू जाईल कुटं?”

गुरुजींना रडू फुटलं. तिला फुटलं नाही. तिनं त्यांच्याकडे एकदा बघितलं, आणि त्या बघण्यात शिव्या असत्या तर त्यांना बरं वाटलं असतं.

“म्या लिंबाजीच्या दाराव जाऊन त्या पोरीच्या नावानं बोटं मोडली व्हती,” ती म्हणाली. “बारकी पोरगी. आईच्या आड लपली व्हती.” तिनं लुगड्याला हात पुसले. “ती वही हाय का अजून?”

त्र्याहत्तरचा हजेरीपट पत्र्याच्या पेटीत तळाशी होता. गुरुजींनी तो काढला, टेबलावरची दौत आणि टाक घेतला.

दोघं भर उन्हात वाडीतून चालत गेले. पुढे केवळाबाई, मागे गुरुजी, धोतराला शेण. पारावरची माणसं बोलायची थांबली. दत्तराव पाटलानं हाक मारली, “कुटं निगालात गुरुजी?” गुरुजी थांबले आणि जे केवळाबाईला सांगितलं तेच पारापुढे उभं राहून सगळं सांगितलं. कुणीतरी म्हणालं, “आता दोन वर्सांनी कशाला उकरायलात?” गुरुजी पुढे चालू लागले.

लिंबाजीच्या अंगणात केवळाबाई आजवर कधी आत गेली नव्हती. बोटं मोडली तीसुद्धा रस्त्यावर उभं राहून. आज ती सरळ आत गेली. कडू जात्याजवळ बसली होती, तिला बघून ती उठून आईमागे जाऊ लागली.

“थांब पोरी,” केवळाबाई म्हणाली. “कासा आली न्हवती त्या दिशी. तू खरं बोललीस. म्याच चुकले.”

कडू जागच्या जागी उभी राहिली. लिंबाजीची बायको चांगुणाबाई तोंडात पदर कोंबून खालीच बसली. कडूनं मात्र गुरुजींकडे बघितलं.

“खरंच आली न्हवती?”

“नव्हती.”

“मंग मला दिसती ती कोन हाय?”

गुरुजींनी हातातल्या पटाकडे बघितलं.

“ती मी लिहिलेली आहे, कडू,” ते म्हणाले. “ती कासा नाही.”

कडूनं विचार केला. मग वर्गात गणित सुटल्यावर म्हणायची तशी ती म्हणाली, “मंग तिला खोडा.”

गुरुजींनी अंगणात गुडघे टेकून पट उघडला. माघातलं पान, अकरावं नाव. शाई अजून तशीच काळी होती. त्यांनी टाक बुडवला, आणि हात थांबला. केवळाबाई शेजारीच उभी होती. तिच्या लेकीचा ह्या जगातला शेवटचा दिवस त्या एका अक्षरात होता. दोन वर्षं तिनं तोच जपला होता, त्यात पाढा होता, साहेब होते, शाबासकी होती. ते खोडायचा हक्क आपल्याला नाही असं त्यांना वाटलं. ते तिच्याकडे बघत राहिले.

केवळाबाई खाली बसली. “कंचं?” तिनं विचारलं.

गुरुजींनी बोट ठेवलं.

तिनं त्यांच्या हातातला टाक घेतला. आयुष्यात पहिल्यांदाच धरला होता, लाटण्यासारखा मुठीत. डाव्या हातानं तिनं त्या अक्षरावरून एक रेघ ओढली, उजवीकडून डावीकडे. शाई फराटली, शेजारच्या रकान्यात गेली. मग तिनं टाक खाली ठेवला, उठली आणि कडूचा हात धरून म्हणाली, “चल, पाण्याला जाऊ. म्या येते तुज्या मागं.”

कडूनं घागर उचलली. विहिरीच्या वाटेनं दोघी निघाल्या, पुढे कडू, मागे केवळाबाई. वळणापाशी कडूनं मान वळवून मागे बघितलं. मागे माणूस होतं. ती पुन्हा चालू लागली.